'समर्पक उत्तरे' म्हणजे नेमकी कोणती?

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

एखाद्या लोकप्रतिनिधीवर गैरव्यवहाराचा आरोप झाला की दुसऱ्या दिवशीच्या अंकात 'आरोप फेटाळले' हा मथळा ठळक येतो आणि मूळ आरोप काय होता हे वाचकाला आतल्या परिच्छेदात शोधावे लागते. ही खोड बहुतेक मराठी दैनिकांना लागलेली आहे आणि मी ज्याची चाळीस वर्षांची वाचक आहे ते आपले दैनिकही तिला अपवाद नाही, म्हणून हे पत्र. ते लांबले आहे याची मला कल्पना आहे. काटछाट करायची झाल्यास परदेशातली उदाहरणे कापावीत, कोल्हापूरचे ठेवावे.

मी शहरातल्या एका माध्यमिक शाळेत एकतीस वर्षे मराठी शिकवले. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या प्रत्येकाला एक अनुभव येतो. ज्या मुलाला प्रश्नाचे उत्तर येत नाही, तो सहसा जागा कोरी सोडत नाही. पाठ केलेले दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर तो तिथे सुवाच्य अक्षरात, समास सोडून, महत्त्वाच्या ओळी अधोरेखित करून उतरवतो आणि तपासणाऱ्याला डुलकी लागली असेल अशी आशा धरतो. आम्ही त्याला शून्य गुण देत असू. राजकारणात आरोपांना दिली जाणारी बहुतेक उत्तरे याच जातीची असतात आणि त्यांना तीन कॉलम मिळतात.

दोन वर्षांपूर्वी हे माझ्याच बाबतीत घडले. निवृत्तीनंतर मिळालेल्या रकमेचा काही भाग मी पेठेतल्या एका पतसंस्थेत मुदत ठेव म्हणून ठेवला होता. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण मला लिहायचे आहे ते तिच्या एका सभेबद्दल. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे जे संरक्षण असते ते पतसंस्थेतल्या ठेवीला नसते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. व्याज थोडे जास्त मिळते एवढेच ठाऊक होते. मुदत संपलेल्या ठेवी परत मिळेनात, खिडकीवर 'पुढच्या सोमवारी या' सुरू झाले आणि संचालकांच्या नात्यागोत्यात पुरेसे तारण न घेता कर्जे गेल्याची कुजबुज वाढत गेली. अध्यक्ष राजकारणातले, नगरसेवकपद भूषवलेले आणि एके काळी माझ्याच वर्गात दोन वर्षे बसलेले.

सप्टेंबरात वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. आपल्याकडे अशा सभा कशा होतात हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. पहिल्या चार रांगा आधीच भरलेल्या असतात, विषय पुरता वाचून होण्यापूर्वी 'मंजूर, मंजूर'चा गजर होतो, मागून एखादा क्षीण 'नामंजूर' ऐकू येतो आणि राष्ट्रगीताला सगळे उभे राहतात. दारात अहवाल आणि पेढ्यांची पुडी मिळाली. अहवालाच्या मुखपृष्ठावर पुरस्कार स्वीकारतानाचे छायाचित्र होते आणि त्याखाली 'ऑडिट वर्ग अ' असे लाल अक्षरांत छापले होते. मी माइक मागून घेतला आणि कागदावर लिहून नेलेला एकच प्रश्न वाचला : मार्चअखेर संस्थेची थकबाकी किती आणि त्यांपैकी संचालक व त्यांचे नातेवाईक यांच्याकडे किती? उत्तर दोन आकड्यांत मावणारे होते.

अध्यक्ष व्यासपीठावरून खाली उतरले, माझ्यापर्यंत चालत आले, वाकून नमस्कार केला आणि माइक माझ्या हातातून हलकेच काढून घेत म्हणाले, "बाई, अनुस्वार कुठे द्यायचा हे तुम्ही मला शिकवलंत. तुमचा विद्यार्थी तुमच्या पैशाला हात लावील, असं वाटतं तुम्हाला?" टाळ्या पडल्या. कोणी तरी शिट्टीही मारली. मी खाली बसले.

त्या क्षणी उत्तरासाठी उभे राहणे म्हणजे स्वतःच्या विद्यार्थ्याला चारचौघांत चोर म्हणण्यासारखे झाले असते. मी आकडे विचारले होते आणि त्यांनी ते माझ्या-त्यांच्या नात्याचे प्रकरण करून टाकले. आकड्यांचा प्रश्न सभागृहातल्या सर्वांचा होता. नात्याचा प्रश्न माझ्या एकटीचा झाला आणि त्यात मी एकटी पडले. त्यांनी खोटे एकही वाक्य उच्चारले नव्हते, हेही नमूद करते. दुसऱ्या दिवशी एका दैनिकात बातमी आली : 'सभासदांच्या प्रश्नांना अध्यक्षांनी समर्पक उत्तरे दिली.' नंतर इतिवृत्ताची प्रत मिळवली, तर त्यातही शब्दशः हेच वाक्य. कोणी कोणाचे उतरवून घेतले हे मी ठरवू शकलेले नाही.

या युक्तीचा सर्वांत गाजलेला नमुना अमेरिकेतला आहे. १९५२ साली उपाध्यक्षपदाचे उमेदवार रिचर्ड निक्सन यांच्यासाठी श्रीमंत समर्थकांनी सुमारे अठरा हजार डॉलरचा निधी जमवल्याचे उघडकीस आले. २३ सप्टेंबरला ते दूरचित्रवाणीवर आले, आपल्या घराचा आणि कर्जाचा हिशेब सांगितला, पत्नीकडे उंची फरचा कोट नसून साधा कापडी कोट आहे असे म्हणाले आणि एका समर्थकाने मुलींसाठी पाठवलेले चेकर्स नावाचे कुत्रे मात्र काहीही झाले तरी परत करणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. कुत्र्याबद्दल कोणी विचारलेच नव्हते. पाठिंब्याच्या तारांचा पाऊस पडला आणि उमेदवारी टिकली. एकवीस वर्षांनी वॉटरगेट प्रकरणात त्याच निक्सन यांनी 'मी लबाड माणूस नाही' असे सांगितले, तेव्हा मात्र लोकांच्या लक्षात तेवढा 'लबाड' हा शब्द राहिला. माणूस तोच होता. मधल्या काळात त्यांच्याच कार्यालयातल्या संभाषणांच्या ध्वनिफिती निघाल्या होत्या. ऑगस्ट १९७४ मध्ये त्यांना पद सोडावे लागले.

आपल्याकडे कुत्र्याऐवजी थोरांची नावे पुढे केली जातात. सिमेंट नियंत्रणाखाली होते त्या काळात मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या न्यासांना मिळालेल्या देणग्या आणि बांधकाम व्यावसायिकांना झालेले सिमेंटवाटप यांचा संबंध काय, असे विचारले गेले. त्या न्यासांपैकी एकाला इंदिरा गांधी यांचे नाव दिलेले होते. प्रश्न देणगी कोणी आणि का दिली हा होता, पण न्यास किती सत्कार्यासाठी आहे यावरच बोलणे होत राहिले. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. लेंटिन यांनी देणगी आणि सिमेंट यांची सांगड घालून दाखवली, तेव्हा कुठे मूळ प्रश्नाला उत्तर मिळाले. भाजपचे तत्कालीन अध्यक्ष बंगारू लक्ष्मण २००१ मध्ये छुप्या कॅमेऱ्यात एक लाख रुपये घेताना दिसले, तेव्हा ते पक्षनिधीसाठी होते असा खुलासा झाला. २०१२ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. 'माझ्यासाठी नाही, पक्षासाठी घेतले' हे आपल्याकडे बचाव म्हणून खपते, याचे मला अजूनही नवल वाटते.

कोल्हापूरचा स्वतःचा असाही एक प्रकार आहे. आरोप झाला की 'हिंमत असेल तर बिंदू चौकात या' असे आव्हान दिले जाते आणि त्यानेही भागले नाही, तर अंबाबाईच्या दारात शपथ घेण्याची भाषा होते. सोबत 'आरोप सिद्ध करा, राजकारणातून संन्यास घेतो' हे असतेच. ऐकायला हे मर्दानी वाटते आणि आपल्या गावाला ते आवडते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पुरावा म्हणजे कर्जाचे रोखे, मूल्यांकनाचे अहवाल आणि संचालक मंडळाच्या ठरावांची वही, आणि ही सगळी आव्हान देणाऱ्याच्याच कपाटात असतात. सहकारी संस्थेला माहितीचा अधिकार कायदा सरसकट लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच स्पष्ट केले आहे. सहकार कायद्याच्या कलम ३२ खाली सभासदाला ताळेबंद, इतिवृत्त आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी पाहता येतात. दुसऱ्याच्या कर्जाची फाइल नाही. ज्याच्याकडे किल्ली आहे त्याने कुलपाबाहेर उभ्या असलेल्याला 'आत काय आहे ते सिद्ध कर' म्हणावे, असा हा मामला आहे. बिंदू चौकात आजवर आव्हानवीर किती आले आणि कागद किती आले, याची यादी आपल्या ग्रंथालयातले जुने अंक चाळून करता येईल.

आता थोडे व्याकरण. 'मी चूक केली' हे वाक्य आमच्या पुस्तकात कर्मणी प्रयोगाचे. क्रियापद कर्माप्रमाणे चालते, तरी कर्ता 'मी' वाक्यात हजर असतो. 'चूक झाली' हे वाक्य मात्र कर्तरी प्रयोगाचे आणि त्यातला कर्ता कोण, तर चूक! आमच्या नेत्यांनी मराठीतली ही सोय फार बारकाईने हेरली आहे. पत्रकार परिषदेत चुका होतात, त्रुटी राहून जातात, रकमा वळत्या होतात, फाइली गहाळ होतात; कोणी काही करत नाही. इराणला शस्त्रे विकल्याच्या प्रकरणात अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनीही १९८७ मध्ये असेच एक कर्ता नसलेले वाक्य वापरले होते, पण इंग्रजीत त्यासाठी मुद्दाम वाक्य फिरवावे लागते. आपल्याकडे ते रोजच्या बोलण्यातच तयार मिळते. शब्दांचा दर्जाही असाच टप्प्याटप्प्याने उतरतो. गावात जी 'अफरातफर' असते ती निवेदनात 'अनियमितता' होते आणि सहा महिन्यांनी 'तांत्रिक त्रुटी'. वार्ताहराने निवेदनातलाच शब्द बातमीत जसाच्या तसा घेतला, की ही उतरंड पूर्ण होते.

प्रकरण लहान करून दाखवण्याची युक्ती दर वेळी साधतेच असे नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर आर. आर. पाटील यांनी मोठ्या शहरांत अशा लहानसहान घटना घडतात, अशा अर्थाचे हिंदी वाक्य उच्चारले आणि १ डिसेंबरला त्यांना गृहमंत्रिपदाचा राजीनामा द्यावा लागला. हे गैरव्यवहाराचे प्रकरण नव्हते. आबांबद्दल आमच्या भागात आजही आपुलकी आहे आणि माझ्याही मनात ती आहे. तरी एक नोंदवते की त्या आठवड्यातली चर्चा बव्हंशी त्या वाक्याभोवती फिरली. किनारपट्टीची सुरक्षा, पोलिसांची शस्त्रे आणि चिलखते यांचे प्रश्न त्या गोंगाटात मागे पडले. एका वाक्यासाठी राजीनामा घेतला की लोकांना हिशेब चुकता झाल्यासारखे वाटते.

राजीनाम्याचे तसेच आहे. मार्च १९८६ मध्ये मुलीच्या एम.डी.च्या गुणवाढीच्या प्रकरणात उच्च न्यायालयाचे ताशेरे आले आणि शिवाजीराव पाटील निलंगेकर मुख्यमंत्रिपदावरून पायउतार झाले. पुढे राजीनामा हा मधला मुक्काम झाला. सिंचन प्रकरणात अजित पवार यांनी सप्टेंबर २०१२ मध्ये उपमुख्यमंत्रिपद सोडले, सरकारने श्वेतपत्रिका काढली आणि डिसेंबरात त्यांचा पुन्हा शपथविधी झाला. एप्रिल २०१३ मध्ये धरणातल्या पाण्याबद्दलच्या एका उद्गारावरून गहजब झाला, तेव्हा त्यांनी कऱ्हाडला यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी बसून आत्मक्लेश केला. माफी शब्दांबद्दलची होती आणि ती मिळाली. दुष्काळात पाणी का नाही, हा ज्यावरून तो उद्गार निघाला तो मूळ प्रश्न, कऱ्हाडच्या छायाचित्रांत कुठेच नव्हता.

विल्यम बेनॉइट नावाच्या अमेरिकी अभ्यासकाने प्रतिमा सावरण्याच्या या धडपडीचे पाच कप्पे केले आहेत : नाकारणे, जबाबदारी टाळणे, गांभीर्य कमी करणे, सुधारणेचे वचन देणे आणि क्षमा मागणे. मला ते उपयोगी वाटले, पण आपल्याकडचा एक कप्पा त्यात सापडला नाही. तो गुलालाचा. निवडणूक जिंकून अंगावर गुलाल पडला, की 'जनतेच्या न्यायालयाने निर्दोष ठरवले' असे म्हणण्याचा अधिकार प्राप्त होतो. मतपत्रिकेवर थकबाकीचा प्रश्न कुठे छापलेला असतो, हे मी अनेकांना विचारून पाहिले.

'क्लीन चिट' या शब्दाबद्दल मात्र आपल्या दैनिकाशीच भांडण आहे. हा शब्द कोणत्याही कायद्यात नाही. महाराष्ट्रात पोलीस आरोपपत्र न देता तपास बंद करतात तेव्हा न्यायालयाकडे 'समरी' पाठवतात आणि तिचे प्रकार आहेत. गुन्हा खरा आहे पण आरोपीपर्यंत पोहोचता येत नाही वा पुरावा हाती लागत नाही, तेव्हा 'अ' समरी. तक्रारच खोटी व खोडसाळ असल्यास 'ब'. गैरसमजातून झालेली वा दिवाणी स्वरूपाची असल्यास 'क'. 'अ' समरी म्हणजे चोरी झाली आहे आणि चोर सापडलेला नाही. तीही आपल्याकडे 'क्लीन चिट' म्हणूनच छापली जाते आणि त्या दिवशी संबंधिताच्या दारात फटाके वाजतात. शिवाय समरी स्वीकारायची की नाही हे दंडाधिकारी ठरवतात. तो निर्णय होण्याआधीच मथळा छापून झालेला असतो.

चौकशी आयोग हा पुढचा विसावा. 'प्रकरण चौकशीत आहे, त्यामुळे बोलणे उचित नाही' या वाक्यामागे वर्षानुवर्षे बसता येते. आयोगाच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, हे सहसा सांगितले जात नाही. पण आयोग म्हणजे केवळ वेळकाढूपणाच असतो असे मी म्हणणार नाही, कारण उलट उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. सरकारी आयुर्विमा महामंडळाने कलकत्त्याचे व्यावसायिक हरिदास मुंद्रा यांच्या कंपन्यांचे सव्वा कोटींच्या आसपासचे भाग घेतले, तो विषय फिरोज गांधी यांनी डिसेंबर १९५७ मध्ये लोकसभेत काढला. न्या. छागला यांनी जानेवारी-फेब्रुवारी १९५८ मध्ये मुंबईत खुली चौकशी केली. गर्दी इतकी की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांचे म्हणणे व्यवहार सचिवाने केला, असे होते. छागला यांनी सचिवाच्या कृतीची जबाबदारी मंत्र्यावरच येते, असा निष्कर्ष दिला आणि फेब्रुवारीतच कृष्णमाचारी यांनी राजीनामा दिला. प्रश्न विचारला गेल्यापासून तीन महिन्यांच्या आत सगळे संपले. 'खालच्या अधिकाऱ्याने केले' ही ढाल तेव्हाही होती, पण ध्वनिक्षेपकावर उलटतपासणी ऐकणाऱ्या लोकांसमोर ती टिकली नाही.

आरोप करणाऱ्याकडेच बोट दाखवणे ही युक्तीही जुनी आहे, पण तिच्याबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. २००३ साली चार मंत्र्यांवरील आरोपांसाठी न्या. पी. बी. सावंत आयोग नेमताना सरकारने आरोपकर्ते अण्णा हजारे यांच्या संस्थांचा कारभारही त्याच चौकशीत घातला. हेतू कोणालाही कळावा इतका उघड होता. तरीही २००५ च्या अहवालात काही मंत्र्यांबरोबर हजारे यांच्या न्यासाच्या खर्चावरही ठपका आला. तेव्हा 'तुमचे काय?' हा प्रश्न नेहमीच खोटा नसतो. फक्त 'माझे काय' याचे उत्तर दिल्यानंतर तो विचारावा, एवढेच. खोटे आरोप होतात, लोक त्यात भरडले जातात आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याला बाजू मांडण्याचा पूर्ण हक्क आहे. खरी बाजू बहुधा कागदासह येते, असा माझा तरी अनुभव आहे.

म्हणून आपल्याकडे एक मागणी आहे आणि तिला खर्च नाही. कोणत्याही खुलाशाच्या बातमीत आरंभी एक चौकट द्यावी. तिच्यात नेमका काय प्रश्न विचारला गेला होता ते एका वाक्यात छापावे आणि त्याखाली 'उत्तर मिळाले' किंवा 'उत्तर मिळाले नाही' यांपैकी एक लिहावे. 'समर्पक उत्तरे दिली' हे वाक्य छापायचेच असेल, तर ती उत्तरेही छापावीत. 'क्लीन चिट'ऐवजी अ, ब, क यांपैकी कोणती समरी ते लिहावे. निवेदनात कर्ता नसेल, तर वार्ताहराने 'कोणी?' एवढे विचारावे. शाळेत पाचवीच्या मुलांना आम्ही क्रियापदाला हाच प्रश्न विचारून कर्ता शोधायला शिकवतो.

आमच्या पतसंस्थेची यंदाची सभा या महिन्याच्या शेवटच्या रविवारी आहे. मी तोच प्रश्न या वेळी पंधरा दिवस आधी लेखी दिला असून त्याची शिक्क्यानिशी पोच माझ्याकडे आहे. अध्यक्ष नमस्काराला वाकले, तर आशीर्वाद देईन आणि उभीच राहीन. आपल्या वार्ताहरांना सभेला जरूर पाठवावे. गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आटोपून छायाचित्र मिळाले की ते निघतात, असे गेल्या खेपेस दिसले. प्रश्न त्यानंतर घेतले जातात.

आपली नम्र,
एक निवृत्त मराठी शिक्षिका व ठेवीदार,
मंगळवार पेठ, कोल्हापूर